बॅटरी बदला, नाहीतर एफ-वन दाबा

योगिता जामसरची. गावोगाव बायकांना बाळंतपणाची फिल्म दाखवायची, हे एका आरोग्य संस्थेतलं तिचं काम. त्यासाठी मुंबईच्या कुणीतरी वापरून दिलेला लॅपटॉप होता. चालू केला की तो आधी दटावायचा: बॅटरी बदला, पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा. योगिता रोज एफ-वन दाबायची. नवी बॅटरी मुंबईहून यायची होती; ती पावसाळ्याआधीपासून येतच होती.

पोशेरा गावातल्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ते बटण निखळून तिच्या बोटाबरोबर वर आलं.

बाकीची सगळी बटणं दाबून झाली. लॅपटॉप ढिम्म. मग ती जव्हारच्या बाजारात इदरीसभाईंकडे धावली. रेडिओ, टेप, पंखे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी कॉम्प्युटर क्लासवाल्यांचा कीबोर्ड मागून आणला, तर त्याची पिन गोल आणि लॅपटॉपला गोल भोकच नाही. शेवटी त्यांनी बटणाच्या जागी चिमट्याचं टोक टेकवलं. लॅपटॉप छान सूर काढून उघडला. भाईंनी खुशीत चिमटा उचलला, तर त्याबरोबर खालची पट्टीही उपटून आली.

भाईंनी ती पट्टी खिशात टाकली.

"बेटा, आता याला बंद करू नको. बंद पडला तर पुन्हा उघडणार नाही."

"भाई, पोशेऱ्यात लाईट नाही. डीपी जळालाय."

"तो फिर जागाच ने याला."

गाडीच्या बॅटरीवर टीव्ही चालवायचा एक डबा भाईंनी स्वतः बनवला होता, तो त्यांनी दिला. पोशेऱ्याला न्यायची जीप बाजाराच्या टोकाला उभी होती आणि वायर काढल्यावर लॅपटॉप जेमतेम तिथवर तग धरणार होता. भाईंची बायको शहरबानो पुढे झाली. "रस्ता द्या! रस्ता द्या!" तिच्या मागे उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतलेली योगिता, तिच्या मागे डबा घेऊन भाई. भाजीवाल्याने टोपली ओढून घेतली आणि विचारलं, "दवाखान्यात का?"

डबा जोडला, जीप ढकलून चालू केली. लॅपटॉप जगला. जीपवाला लाडक्या मात्र मान खाजवत होता.

"ताई, माझी गाडी उभी राह्यली की बंद पडते. आन तिची पण बॅटरी गेलीय. ढकलल्याबिगर चालू होत नाय."

"मग उभी नको करूस."

पोशेऱ्याच्या शाळेच्या मैदानात बायका जमल्या होत्या. जीप आली आणि न थांबता त्यांच्यासमोरून गेली. वळून पुन्हा आली, पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला योगिता खिडकीतून ओरडली, "थांबता येत नाही! चढा!"

पहिली चढली ती गावची म्हातारी सुईण, रामी. तिच्या मागून जेवढ्या मावल्या तेवढ्या आत कोंबल्या. उरलेल्या जीपच्या दोन्ही बाजूंनी चालू लागल्या. लाडक्याने पहिला गिअर सोडला नाही. मैदानाला फेऱ्या सुरू झाल्या आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर फिल्म.

"काय सांगते ती?" बाहेर चालणारी तानी विचारायची.

"गोळ्या खा म्हणते," आतून निरोप यायचा.

"कसल्या?"

तोवर तानी मागे पडलेली असायची. ती पदर खोचून पळत यायची आणि पुन्हा विचारायची.

फिल्ममधल्या बाईला कळा सुरू झाल्या. रामीने पुढे वाकून पडद्याला हात लावला. "अशी नको झोपवू तिला, कुशीवर घे," ती फिल्ममधल्या नर्सला म्हणाली. बाहेरच्या बायका दरवाज्याला धरून चालत होत्या. पुढे बसलेल्या लाडक्यालाही घाम फुटला होता.

नेमकं तेव्हाच डिझेल संपलं. जीप दोन गचके देऊन थांबली. पडदा क्षणभर उजळ राहिला आणि काळा झाला.

"पोर झालं का नाय?" रामीने विचारलं.

"आजी, ती फिल्म आहे."

"ते कळलं. झालं का नाय?"

सगळ्या योगिताकडे बघत होत्या.

"झालं. मुलगी झाली."

"रडली का लगेच?"

"रडली."

"आन बाई?"

"बरी आहे. दोघी बऱ्या आहेत."

जीपभर सुस्कारा पसरला. तानीने बाहेरच्यांना ओरडून सांगितलं. कुणीतरी गूळ आणला आणि लाडक्यालाही खडा मिळाला. मग सगळ्यांनी मिळून जीप रस्त्याला ढकलली. डिझेल आणायला लाडक्या मोखाड्याला गेला, तोवर रामी योगिताला बाळामागून वार कशी पडते ते समजावत बसली.

महिन्याभराने खरोखरच नवी बॅटरी आली. लॅपटॉप न दटावता, थेट उघडला. योगिताला केवढा आनंद झाला. ती लगेच पोशेऱ्याला गेली आणि रामीच्या ओट्यावर तो मांडून म्हणाली, "आजी, आता पुरती बघा. मधे बंद नाही पडणार."

रामीने हात पुढे करून झाकण हळूच खाली केलं.

"सुटली ना ती एकदा," ती म्हणाली. "परत कशाला कळा देतेस तिला?"