बहिरे केलेले मायक्रोफोन

शेदलिया शाळेतून थेट माझ्या दुकानात आली तेव्हा तिच्या हाताला खडू लागलेला होता. वाळवंटाकाठच्या तोझर गावच्या बाजारात माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे. तिने रेकॉर्डर टेबलावर ठेवला.

"लज़हरकाका, ऐका जरा."

ढोल वाजला की आवाज फाटत होता. लोखंडी टाळ सुरू झाले आणि मग नुसती खरखर.

पिराच्या जत्रेची एकवीस गाणी फक्त तिच्या आजोबांना, मबरूकबाबांना, पूर्ण येत. बाकीच्या ढोलवाल्यांची मजल दहा-अकरापर्यंतच. ती सगळी टिपून ठेवायची म्हणून पोरीने रेकॉर्डर घेतला होता.

"यंत्र बिघडलंय का?"

"यंत्राला काय धाड भरलीय? वाटाण्याएवढे मायक्रोफोन, ते तू सहा ढोलांपुढे ठेवलेस. चिमणीच्या कानाशी तोफ डागलीस, बाई."

"मग त्यांना थोडं बहिरं करा की!"

तेच केलं. दोन्ही मायक्रोफोनच्या पाठीवरची तांब्याची बारीक रेघ ब्लेडने कापली, मधे रेझिस्टर डकवला, वेगळी बॅटरी जोडली. शेजारी पितळी परात बडवून पाहिली. आवाज खणखणीत आला, कुठे फाटला नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. ध्वनिमुद्रणात आवाज किती घ्यायचा ती रेकॉर्डरची चकतीही खाली आणली आणि गोंदाने चिकटवून टाकली.

"हिला हात लावायचा नाही, काही झालं तरी," मी बजावलं.

जत्रेला पंधरा दिवस होते तेव्हा बाबांची उजवी बाजू गेली. ढोल सुटला. तिसऱ्या दिवशी दुपारी ते नातीला म्हणाले, "आण तुझं यंत्र. आता नाही तर कधीच नाही."

ते दोन तास गायले. गायले म्हणजे पुटपुटले. एकवीसच्या एकवीस गाणी, मधे पाणी घेत, तोंडातून ओघळणारं पाणी तिच्याकडून पुसून घेत. तिने हेडफोन लावायला घेतले तर म्हणाले, "मी मरायला टेकलोय आणि तू कानात बोळे कोंबतेस? माझ्याकडे बघ." तिने ते काढून ठेवले. इतक्या हळू आवाजाला ते यंत्र चालेल का, हे मला विचारावं असं तिच्या मनात आलं नाही. यंत्र मीच नीट करून दिलं होतं ना!

चार दिवसांनी बाबांना मातीत ठेवलं. त्यानंतर ती आली. मी ध्वनिमुद्रण लावलं.

सूंऽऽ असा आवाज. गल्लीतली बकरी ओरडली ती स्पष्ट ऐकू आली. बाबांचा आवाज त्या सूंच्या पार तळाशी होता. मी आवाज वाढवत गेलो तशी सूंही वाढत गेली. तीन दिवस खटपट केली. हाती लागले ते सुटे शब्द, एक खोकला आणि एकदा "पाणी".

"इथे काय म्हणतायत ते?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "काका, इथे?"

"कळत नाही."

"मी चकतीला हात लावला नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

एक तरी मायक्रोफोन न कापता ठेवायचा, हे तीस वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाला सुचलं नव्हतं.

त्या वर्षी जत्रेत अकरा गाणी झाली. बाराव्याच्या जागी माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि ढोल खाली ठेवले. शेदलिया बायकांच्या रांगेत होती. मला पाहून तिने मान वळवली.