येडशीचं मैत्री मंडळ

"गाडी थांबल्याबिगर हलगी वाजवू नका," गिरिजाबाईंनी पुन्हा बजावलं. येडशीच्या फलाटावर सकाळी सकाळी निम्मं गाव जमलं होतं. ब्लाउज शिवता शिवता उरलेल्या कापडाची अक्षरं कापून त्यांनी स्वतः मशीनवर फलक शिवला होता : आंतरराष्ट्रीय मैत्री मंडळ, येडशी. आज त्याची स्थापना होती आणि पाहुणा थेट मस्कतहून येत होता.

पाहुणा म्हणजे ओकोथ. केनियाचा. गिरिजाबाईंचा मल्लेश मस्कतला वेल्डर होता, तेव्हा दोघं एकाच खोलीत राहायचे. दोन वर्षांपूर्वी मल्लेश तिकडंच तापानं गेला. शेवटपर्यंत त्याच्या उशाशी बसून, आईचा आवाज ऐकू यावा म्हणून फोन त्याच्या कानाशी धरून ठेवला तो ओकोथनं.

दुःख जरा निवल्यावर गिरिजाबाई भीमाशंकर गुरुजींकडं गेल्या. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना म्हणाल्या, "आपली लई पोरं बाहेर हायत. तिकडं त्यांना कोणतरी जवळ करतंय. तिकडचं कोण इकडं आलं तर त्याला कोण हाय?" मंडळाची कल्पना ती अशी. चावडीवर लोक हसले. "बार्शीचा पाव्हणा मुक्कामाला ऱ्हात न्हाय, आन् आफ्रिकेचा येतोय व्हय!" मग गुरुजींनी ओकोथशी फोनवर इंग्रजीत बोलणं केलं. नोकरीची मुदत संपवून घरी जाण्याआधी तो वाट वाकडी करून येणार, हे कळलं तेव्हा हसणारेच हलगीवाले ठरवायला धावले.

गाडी उशिरा आली. उंचापुरा ओकोथ पिशवी सावरत उतरला आणि हलगी कडाडली. त्यानं गर्दीत नजर फिरवली, सरळ गिरिजाबाईंकडं आला, वाकून पाया पडला.

"अव्वा, लई उशीर झाला."

हलगी थांबली. आईला 'अव्वा' म्हणणं, तो हेल, 'लई'वरचा तो जोर, सगळं एका खोलीत राहून उचललेलं, मल्लेशचं होतं. गिरिजाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या, "गाडीच उशिरा आली, लेकरा. चल."

मंदिराच्या सभामंडपात बसायला जागा उरली नाही. परगावी नोकरीला असलेल्यांच्या आया पुढं येऊन बसल्या. ज्याला त्याला मंडळात नाव घालायचं होतं. गुरुजी उठले. "मी सुचवतो, मंडळाला मल्लेशचं नाव द्यावं."

टाळ्या पडल्या. गिरिजाबाई उभ्या राहिल्या.

"नको गुरुजी. त्याचं नाव दिलं तर लोक दुखवट्याला आल्यावानी येतील. मैत्रीचंच नाव राहू द्या. हसत येऊ द्या लोकांना."

गुरुजींनी मान डोलावली. मग मागून शेजारीण धुरपदाबाई म्हणाल्या, "मग अध्यक्ष तुमीच." या वेळच्या टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. गिरिजाबाईंना घाम फुटला, आणि कितीतरी दिवसांनी हसूही.

दुपारी पंगत बसली. हुग्गीवर, म्हणजे गव्हाच्या खिरीवर, तूप सोडत गिरिजाबाई ओळीनं वाढत आल्या. ओकोथच्या पानावर दुसरा डाव पडला, तिसऱ्याला त्यानं हात आडवा धरला. "बास, अव्वा."

तो हात हलकेच बाजूला सारून त्यांनी वाढलं. मग पुढच्या पानाकडं न जाता, भांडं कडेवर धरून, तो जेवून होईपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.