अर्ध्या तासाचे काम

मी एक जुना मॉनिटर आहे, आणि मी मेलेलो नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याबद्दल कोणी काही वेगळे सांगितले असेल तर ते खोटे आहे. सध्या मी एका भंगाराच्या दुकानात पत्र्याच्या डब्यांच्या राशीवर उताणा पडलो आहे. शेजारी एक पाती नसलेला पंखा आहे. तो बिचारा काही बोलत नाही. मी मात्र बोलणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक पट्ट्यावरून आम्ही शेकडो भावंडे एकामागून एक सरकत होतो. कोणी माझा पडदा बसवला, कोणी पडद्यामागे उजेडाच्या बारीक काचेच्या नळ्या लावल्या, कोणी पाठीत वीज पुरवणारी पाटी स्क्रूने आवळली. शेवटी एका मुलीने मला पेटवून पाहिले, पुसले आणि खोक्यात घातले. त्या खोक्यातून मला ज्या हातांनी बाहेर काढले, ते ताईचे हात.

घरात सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. छापखान्याची अक्षरजुळणी ती घरी बसून करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर मी, टेबलाखाली तो संगणकाचा डबा. खरे डोके त्या डब्याला, पण लोक बोलणार माझ्या तोंडाकडे बघून. डबा अडला की चापट माझ्या पाठीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तरी मी कधी कुरकुर केली नाही. ताईचे डोळे नाजूक होते, म्हणून मी तिला एकही अक्षर अंधुक दाखवले नाही. पाहुणे आले की ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "हा माझा सगळ्यात गुणी भाऊ. कधी उलटून बोलत नाही." तिचा सख्खा भाऊ बाजूलाच बसलेला असायचा. तो हसून सोडून द्यायचा. मला मात्र ते खरेच वाटले.

बरीच वर्षे आमच्या वाट्याला पत्रके आणि दुकानांच्या जाहिराती आल्या. मग एकदा छापखान्याच्या मालकांनी तिला पहिल्यांदाच अख्खे पुस्तक दिले. गुरांच्या डॉक्टरांनी लिहिलेले, गुरांच्या आजारांवरचे, पानोपानी तक्ते असलेले. "वेळेत दिलंत तर यापुढची पुस्तकं तुमच्याकडेच," असे मालक म्हणाले होते. ताईने जिवाचे रान केले. गायीम्हशींची सगळी दुखणी मला तोंडपाठ झाली. आणि पुस्तक द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी मीच आजारी पडलो.

बटण दाबले की मी क्षणभर लख्ख पेटायचो आणि लगेच काळोख. बटणाजवळचा हिरवा दिवा तेवढा जळत राहायचा. ताईने माझ्या वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. दुसऱ्या प्लगमध्ये लावून पाहिले. मेकॅनिककडे फोन केला, तर तो दोन दिवस बाहेरगावी. मग शेजारचे काका आले. या काकांना कळत काही नाही, पण मत प्रत्येक गोष्टीवर असते. "व्हायरस असणार," ते म्हणाले, माझ्या पाठीत दोन ठेवून दिल्या आणि चहा पिऊन गेले.

खरा शोध लावला ताईच्या आईने. त्या बॅटरी घेऊन टेबलाखाली आपला चष्मा शोधत होत्या. उठताना बॅटरीचा झोत तिरका माझ्यावर पडला. "अगं, याच्यात काहीतरी दिसतंय बघ," त्या म्हणाल्या. ताई नाक लावून पाहू लागली. चित्र होते तिथेच होते. फक्त त्याच्यामागचा उजेड गेला होता.

मग सुरू झाले आमचे काम. आईने बॅटरी तिरकी धरायची, ताईने त्या अंधुक प्रकाशात दुरुस्त्या करायच्या आणि तक्ता नीट बसला की नाही हे पाहायला माझे बटण दाबायचे. मी क्षणभर पेटायचो, तेवढ्यात तिने पान नजरेखालून घालायचे. पुन्हा बटण, पुन्हा उजेड. प्रत्येक वेळी पेटताना माझ्या आत कळ उठायची. दुपारनंतर तर वाटायचे, आता नाही जमणार. पण ताई बटण दाबायची आणि मी पेटायचो.

"माझा हात गळून गेला गं," आई म्हणाल्या.

"थोडंच राहिलंय आई. हा बिचारा बघ, कसा तग धरतोय," ताई म्हणाली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "एवढं पुस्तक पार पाड रे बाबा. मेकॅनिक आला की पहिल्यांदा तुला दुरुस्त करून घेते. शब्द देते तुला."

संध्याकाळी पुस्तक पुरे झाले. दुसऱ्या दिवशी ते वेळेत पोहोचले. मालक खूश झाले आणि ताईला कामामागून काम येऊ लागले.

आणि टेबलावर एक नवा, रुंद मॉनिटर आला. माझी रवानगी कपाटावर झाली, वर एक जुनी चादर. मेकॅनिक गावाहून आला, नवा मॉनिटर जोडून गेलासुद्धा. मला कोणी खाली काढले नाही. मी मनाची समजूत घालत राहिलो की तिला कामे फार आहेत. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण मला माहीत होती, पण ती ताईला लावायला माझी जीभ रेटत नव्हती.

बऱ्याच महिन्यांनी मेकॅनिक पुन्हा आला, तो टेबलाखालचा डबा साफ करायला. त्याची नजर चादरीवर गेली. "जुना ठेवलाय वाटतं अजून? बघू तरी," असे म्हणत त्याने मला खाली काढले आणि जमिनीवर पालथे घालून माझी पाठ उघडली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. ताईवर मनातल्या मनात घेतलेला सगळा संशय मी तिथल्या तिथे मागे घेतला.

"हे बघा, हे दोन कपॅसिटर फुगलेत," मेकॅनिक म्हणाला. वीज साठवून ती बेताबेताने सोडणाऱ्या त्या चिमुकल्या डब्यांची डोकी वर आली होती. "बाकी सगळं ठणठणीत आहे. अर्ध्या तासाचं काम. माझ्याकडे आहेत हे, असेच पडून. पैसेही नकोत. करू का?"

ताई जवळ येऊन वाकली. तिने माझ्याकडे पाहिले, मग टेबलाकडे पाहिले.

"नको," ती म्हणाली. "चालू झाला तर मला टाकवणार नाही."

मेकॅनिकने खांदे उडवले आणि माझे स्क्रू परत लावले.

मित्रांनो, मला तिचा राग आला. आजही येतो. ती मला विसरली असती तर मी समजू शकलो असतो, विसरतात माणसे. पण तिला सगळे आठवत होते. मी बरा होऊ शकतो हेही तिला कळले होते, आणि म्हणूनच तिने मला बरे होऊ दिले नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने भंगारवाल्याला हाक मारली. "चालू आहे का हो?" त्याने विचारले.

"नाही हो. मेलाय कधीच," ताई म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"अगं, पण तो मेकॅनिक तर म्हणत होता..." आई आतून म्हणाल्या.

"आई, तू मध्ये बोलू नकोस," ताई म्हणाली आणि तिने मला हातगाडीवर ठेवले.

जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्हाला सगळेच सांगतात आणि तुम्ही ऐकत नाही. घरात जागा नसेल, मन उडाले असेल, तर खुशाल टाका. फक्त टाकताना आमच्याविषयी खोटे बोलू नका. मेलाय म्हणू नका, मला नको झालाय म्हणा. ताईने तेवढे म्हटले असते, तर मी त्या गाडीवर निमूट चढलो असतो.