दादाच्या मासिकाची सूची

दादा गेला तेव्हा त्याच्या मासिकाचे गठ्ठे माडीवर तसेच पडून होते. मासिक आमच्या वस्तीचं, आठ पानांचं. कोणाकडे बाळ झालं, कोण वारलं, पाणी कधी येणार, कोणाची छत्री हरवली, असला मजकूर. संपादक दादाच, अंक दारोदार टाकणाराही दादाच.

ग्रंथालयाच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "गठ्ठे आम्ही ठेवून घेतो, पण सूची करून द्या. नाहीतर उद्या कोणी आजोबांचं नाव शोधत आलं, तर त्याने काय गठ्ठ्यात तोंड खुपसून बसायचं?"

माझा सगळा जन्म कचेरीत फायली लावण्यात गेला, त्यामुळे हे काम आपसूकच माझ्या गळ्यात पडलं. पण वहिनी म्हणाली, "मीही बसते, वन्सं," तेव्हा मी चाटच पडले. भिंगऱ्या गेल्यापासून तिने त्या मासिकाला हात लावला नव्हता.

भिंगऱ्या त्यांचा एकुलता एक मुलगा. एका जागी ठरायचा नाही म्हणून ते नाव पडलं. तिसरीत असताना त्याचा ताप डोक्यात गेला आणि बघता बघता पोर हातचं गेलं. त्या महिन्याचा अंक मात्र ठरल्या दिवशी निघाला. त्यात भिंगऱ्याबद्दल एक ओळही नाही, हे वहिनीला शेजारणीने येऊन सांगितलं. तेव्हापासून वहिनी दादाशी कामापुरतं बोलायची. जेवायला वाढलंय, गवळी आलाय, एवढंच.

आम्ही कामाला लागलो. ती वाचायची, मी कार्डावर नाव, विषय, महिना आणि पान लिहायची. दोन शेजाऱ्यांनी एका गटारावरून इतकी पत्रं छापून आणली होती की शेवटी गटाराला स्वतंत्र शीर्षक द्यावं लागलं. त्यावर वहिनी पदर तोंडाला लावून हसली. भिंगऱ्याचीही कार्डं झाली. जन्माची बातमी होती, बालवाडीतल्या धावण्याच्या शर्यतीतला दुसरा नंबर होता. ती वाचताना तिचा आवाज हलला नाही.

पण ते वर्ष जवळ आलं तशी ती अबोल होत गेली. एका दुपारी मधेच म्हणाली, "वन्सं, ती शेजारीण मुलखाची खोटारडी होती. कुठे कोपऱ्यात असेल छापलेलं. तिला दिसलं नसेल."

ती माझ्याबरोबर का बसली होती, ते मला तेव्हा कळलं.

त्या महिन्याचा अंक तिने माझ्या हातात दिला. "तुम्हीच वाचा."

मी पहिल्या अक्षरापासून वाचला. लग्नं, दुकानाचा पत्ता बदलल्याची जाहिरात, शाळेचा निकाल. शेवटच्या पानावर चौकटीत पाण्याच्या वेळा. भिंगऱ्या कुठेच नव्हता. त्यापुढचा अंक वाचला, त्याच्याही पुढचा वाचला. नव्हताच.

"बरं," वहिनी म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तो छापखान्यात खिळे जुळवणारा म्हातारा आहे का हो अजून?"

होता. लेकीकडे राहत होता. पायाने अधू झाला होता, पण वहिनीला बघून हात जोडून उठायला लागला. तिने त्याला बसवलं आणि सरळच विचारलं, "माझ्या मुलाचं का नाही छापलं?"

म्हाताऱ्याने चादर चिमटीत धरली. मग म्हणाला, "छापायचं होतं, बाई. साहेबांनी मजकूर लिहून दिला. मी चौकट जुळवली. त्यांनी कच्चा कागद हातात घेतला, आणि नावापाशी आले की थांबायचे. परत पहिल्यापासून वाचायचे, परत तिथेच थांबायचे. छपाई खोळंबली होती. शेवटी म्हणाले, 'हे माझ्याच्याने होत नाही. सोडव.' मी एकेक खिळा काढून खणात टाकला. ते बघत उभे होते. चौकट रिकामी कशी ठेवायची? म्हणून पाण्याच्या वेळा टाकल्या."

"काय लिहिलं होतं?"

"नाही आठवत, बाई. देवाशपथ नाही आठवत."

आम्ही परत आलो. दारात कुलूप काढता काढता वहिनी म्हणाली, "मला सांगायचं होतं की हो. दोघांनी मिळून लिहिलं असतं. मी समजले, यांना काहीच वाटलं नाही. आख्खा संसार मी तसंच समजून काढला."

मला राहवलं नाही. "वहिनी, आपण एक कार्ड घालू या का त्याचं? निधन म्हणून?"

"नको. नाही छापलं ते नाही छापलं. पान कुठलं लिहाल?"

दुसऱ्या दिवशी ती येणार नाही असं मला वाटलं होतं, पण ती आली. पुढचे अंक वाचू लागली आणि निधनाच्या बातम्यांपाशी अडखळायला लागली. आधी त्या ठरावीक असायच्या, अमुक यांचे अल्पशा आजाराने निधन, एवढ्याच. भिंगऱ्यानंतर त्या बदलल्या होत्या. शिंप्याच्या मुलीबद्दल दादाने लिहिलं होतं, 'तिला बोटं न लावता शिट्टी वाजवता येई. पत्र्याच्या जिन्यावर बसून ती वाजवत असे. वडिलांनी आता मशीन जिन्याकडून हलवून आतल्या खोलीत नेले आहे.'

वहिनीने ते दोनदा वाचलं.

"सगळ्यांच्या पोरांचं लिहीत बसले," ती म्हणाली. "आपल्याच पोरापाशी हात अडला."

तिला पुढे वाचवेना. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो.

सूची यथावकाश पुरी झाली. ग्रंथालयाचा माणूस हातगाडीवर गठ्ठे घेऊन गेला आणि माडी मोकळी झाली. मी अजूनही दुपारची वहिनीकडे जाते. ती आता दादाबद्दल बोलते. कधी चिडून, कधी रडत, कधी भाजी निवडता निवडता सहज. अमुक वेळी ते असं का वागले असतील, तुम्हाला काय वाटतं, वन्सं, असं विचारते. मला काय ठाऊक? मी आपली हूं हूं करत ऐकते. तिला बोलायचं असतं त्याच्याशी, आणि समोर बसलेली असते मी.