सत्तावन्नावी पूड

प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या, सामानाची खोली सांभाळणाऱ्या माणसाला सगळे काका म्हणत. पोटची मुलगीसुद्धा. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी उन्हात निवळवेल अशी पूड शोधायला ती तिथे रुजू झाली आणि पहिल्याच दिवशी चारचौघांत ओरडली, "काका, दोन बीकर द्या हो!" काका पोट धरून हसले. घरी बाबा, कामावर काका. असा दुहेरी मान किती बापांच्या वाट्याला येतो?

पूड इतकी बारीक की दिसायचा तो नुसता पांढुरका थर. तिच्यावर उन्हाचा, किंवा प्रयोगाच्या पेटीत उन्हाऐवजी लावलेल्या दिव्याचा, प्रकाश पडला की तिने पाण्यातल्या रंगाचे तुकडे तुकडे करायचे, असा सगळा बेत. पाणी मात्र हट्टाला पेटलेलं, निळं ते निळंच. छप्पन्न वेळा पूड केली, छप्पन्न वेळा पोरगी तोंड पाडून घरी आली.

मग एका संध्याकाळी तिच्या टेबलावर काकांना चिठ्ठी सापडली. हाताशी होता त्या वापरलेल्या फिल्टर पेपरवर, निळ्या शाईत: 'बाबा, सत्तावन्नावीही फुकट. बाटल्या धुऊन टाका. जरा फिरून घरी येते.' काकांनी बाटल्या लख्ख धुतल्या. उरलीसुरली पूड मोरीत गेली. घरी येऊन त्यांनी दोघांचा स्वयंपाक केला, ताटं घेतली. ती आलीच नाही. चौकात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकने तिला उडवलं होतं.

कामावर असताना तिने 'बाबा' म्हटलं ते त्या एका चिठ्ठीत. काकांनी महिनाभर ती कपाटात कपड्यांखाली जपली. मग वाटलं, लेकीचं अक्षर असं अंधारात काय कोंडायचं? काचेच्या फ्रेममध्ये घालून त्यांनी ती पूर्वेच्या खिडकीत उभी केली. छान ऊन यायचं तिथे.

पाचव्या दिवशी अक्षरं फिकी वाटली. काकांनी चष्मा पुसला, मग काच पुसली. दहाव्या दिवशी कागद कोरा. काका ढसाढसा रडले, शाई करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि फ्रेम घेऊन तडक मुलीच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले.

"कुठल्या मशीनने अक्षरं परत येतील का हो?"

मॅडमनी कागद बोटाने चाचपला. बोटाला पांढरं लागलं.

"काका, यातून तिने पूड गाळली होती. शाई म्हणजे रंगच की. उन्हात पुडीने तो खाऊन टाकला. फुकट नव्हती गेली हो सत्तावन्नावी. जमलं होतं तिला!"

काकांना आनंद झाला की काळीज फाटलं, त्यांचं त्यांनाही कळेना. "मग तेव्हा पाणी का नाही निवळलं?"

मॅडमनी तिच्या प्रयोगाची पेटी उघडली, आतला दिवा लावला. छान निळा उजेड पडला. त्याच्यासमोर त्यांनी मीटर धरला. काटा जेमतेम हलला.

"नुसताच पेटतोय हा. पूड जागी करणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश यातून कधीच संपलाय. आधीच्या किती पुड्या चांगल्या होत्या, देव जाणे! काका, हा दिवा वेळेवर बदलायचा असतो. इतकी हुशार मुलगी, एवढी साधी गोष्ट तिच्या लक्षात येऊ नये?"

गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. विचारायला होतं कोण? पण निष्काळजीपणाचा बोल लागत होता तो तिला. काकांनी फ्रेम छातीशी धरली.

"आलं होतं मॅडम, तिच्या लक्षात आलं होतं. दोनदा म्हणाली, काका, नवा दिवा काढून द्या. मीच म्हटलं, अगं, चांगला पेटतोय की, कशाला उगाच नवा वाया घालवतेस?" त्यांनी फ्रेमची काच बाहीने पुसली. "आणि तिने माझं ऐकलं हो."