वजनाचं सोंग

तक्त्यावरची सगळ्यांत देखणी रेघ कुणाची, तर चौथ्या मजल्यावरच्या सुनेची. नर्सबाई दर महिन्याला वस्तीतल्या गरोदर बायकांचं घरी जाऊन वजन करत आणि तक्त्यावर ठिपका देत. बाकीच्यांच्या रेघा अडखळत चालायच्या, हिची मात्र पट्टी लावून काढल्यासारखी वर. नर्सबाईंनी ती मोठ्या डॉक्टरांपुढे मिरवली होती. वर "नीट समजावलं की बायका ऐकतात," असंही म्हणून झालं होतं.

आणि आज, सातव्या महिन्यात, सून काट्यावरून उतरली आणि तिच्या सैल झग्याच्या खिशातून एक किलोचं लोखंडी वजन धाडकन नर्सबाईंच्या बुटावर पडलं.

"आई गं! आजी, हे काय?"

"हातगाडीवरचं आहे," सासू म्हणाली. ती खाली चौकात कांदे-बटाटे विकायची. आणि तिनं हेही सांगून टाकलं, "दुसऱ्या खिशात अर्ध्या किलोचं आहे."

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. या दोघींनी वजनाचं सोंग आणलं होतं, तेही महिन्यागणिक अर्धा किलो वाढवत, हिशेबानं!

"मी हा काटा उराशी धरून चार मजले चढते, ती काय हौस म्हणून? अंडी देते, दुधाची पावडर देते, ती जाते कुठे?"

पलंगाखाली बटाट्यांच्या पोत्याला टेकून बसलेल्या पाच वर्षांच्या चिमणीनं हात वर केला. "मी खाते. आईची पण मीच खाते," तिनं अभिमानानं सांगितलं.

"मला खावंसंच वाटत नाही हो," सून म्हणाली. तिची मनगटं बघून तर नर्सबाईंचा संताप आणखीच वाढला.

"अगं, मग सरळ सांगायचं ना, वजन वाढत नाही म्हणून! दवाखान्यात भरती करून घेतलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मग सासू बोलली. दोन वर्षांपूर्वी सुनेला असंच भरती केलं होतं. बाळ जन्मलं दीड किलोचं आणि नवव्या दिवशी गेलं. आणि घरी आजी असताना चिमणीला बालगृहात नेलं. का, तर कागदोपत्री सुनेचा काडीमोड झालेला, म्हणजे सासू कुणीच नाही. पोरगी परत मिळेपर्यंत तीन महिने गेले. "मुलगा माझा पळपुटा. यंदा मधेच चार महिने उगवला, हे पोटातलं देऊन पुन्हा गायब. त्याला विचारा ना! पण कागदावर बाप तो, आणि सांभाळणारी मी उपरी."

"असं कसं होईल? मी फॉर्म नीट भरलाय," नर्सबाई तावातावानं म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून फॉर्म ओढून काढला. घरात आणखी कोण, या रकान्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : एकटी राहते.

गेले चार महिने त्या याच खोलीत, याच सासूच्या हातचा चहा पीत होत्या. नवरा नाही म्हटल्यावर त्यांचं पेन आपोआप 'एकटी' लिहून मोकळं झालं होतं. नर्सबाईंना स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली की त्या आणखी चिडत.

"उद्यापासून दुपारी बाराला दवाखान्यात यायचं. माझ्यासमोर जेवायचं. घरी काही पाठवणार नाही मी!"

"आणि चिमणी?" सासूनं विचारलं.

"तिलाही आणा. तिचं ताट वेगळं. आईच्या ताटात हात घातला तर बघ हं, चिमणे!"

मग दोन महिने नर्सबाईंनी दोन आघाड्या सांभाळल्या. दुपारी ताटावर पहारा, आणि दर आठवड्याला बालगृहाच्या कचेरीत साहेबांच्या टेबलाशी खेप. साहेब नियम दाखवायचे, बाई सासू दाखवायच्या. प्रत्यक्ष घेऊनच जायच्या, हातगाडी बाहेर लावून. शेवटी साहेबांच्या नाकी नऊ आले आणि त्यांनी सही केली.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी सासू चिमणीचं बोट धरून दवाखान्याच्या दारात उभी होती, गाडी तशीच चौकात टाकून. दुपारी मुलगी झाली. नर्सबाईंनी तिला काट्यावर ठेवलं आणि सवयीनं आधी दुपटं झटकून पाहिलं. आकडा हलला, डुलला आणि दोन किलो चारशेवर थांबला. अडीचच्या आत म्हणजे कमी वजन. म्हणजे मायलेकी निदान आठवडाभर इथेच.

नर्सबाईंनी वर पाहिलं. सासूचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं चिमणीला घट्ट जवळ ओढलं आणि दुसरा हात कमरेच्या पिशवीत घातला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "शंभर ग्रॅमचं आहे माझ्याकडे. ठेवू का?"

नर्सबाई ओरडणारच होत्या, पण डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी साहेबांच्या सहीचा कागद पुढे सरकवला.

"ठेवा ते पिशवीत. आणि इथे अंगठा करा, आजी, पालक लिहिलंय तिथे. चिमणी तुमच्याबरोबर घरी जाणार आहे."