माझ्या पडद्यावरची चीर

मित्रांनो, मी एक जुना गिटारचा ॲम्प्लिफायर आहे. इंग्लंडातल्या चॅटम गावात, वेंडीबाईंच्या परसातल्या खोपटात, गवत कापायच्या यंत्राशेजारी राहतो. ते यंत्र मेलं एक शब्द बोलत नाही.

कारखान्यानं मला गोड आवाजासाठी घडवलं होतं. पण मी पडलो वेंडीबाईंच्या भावाच्या, रॉडनीच्या हाती. तो आणि त्याचे दोस्त घट्ट सूट, टोकदार बूट घालून हिंडायचे. नवीन गाणी म्हणजे कचरा, पंधरा वर्षांपूर्वीचीच खरी, असा सगळा खाक्या! पहिल्याच दिवशी त्यानं ब्लेड काढलं आणि माझ्या स्पीकरचा कागदी पडदा टर्रकन चिरला.

"अरे गाढवा, फाडलास?" ड्रमवाला गस ओरडला.

"गप रे. ऐक आता."

त्यानं तार छेडली आणि मी गुरगुरलो. अहाहा, काय आवाज होता तो! खरखरीत, चिडका, मस्तवाल. पबच्या मागच्या खोलीत मूठभरच माणसं जमायची, पण सगळी घामाघूम होईपर्यंत नाचायची. "रॉडनीचा डबा पेटलाय आज!" म्हणायची. टीव्हीनं आम्हाला कधी विचारलं नाही. आम्हीही त्याला विचारलं नाही.

पुढे बँड मोडला. "याला सांभाळ हं, वेंडी," म्हणून रॉडनी उत्तरेला निघून गेला. मग वर्षानुवर्षं कोळ्यांची जाळी आणि ओल. फार एकटं वाटायचं हो. दार वाजलं की वाटे, आला!

या वसंतात तो खरंच यायचा होता. त्याच पबमध्ये पुन्हा एक कार्यक्रम ठरला होता. वेंडीबाईंनी मला आनंदानं पुसलं, चीर पाहिली आणि त्यांचा चेहराच पडला. त्यांनी मला गुपचूप दुरुस्तीला नेलं.

रॉडनी आला, त्यानं तार छेडली. माझ्यातून निघाला गोड, शहाण्या मुलासारखा आवाज. मला रडूच आलं.

"जुना पडदा कुठंय गं?"

"उंदरांनी कुरतडला होता रे. माझंच दुर्लक्ष झालं. म्हणून नवा बसवून घेतला. आवडला ना?"

फळीवर रंग खरवडायचं ब्लेड होतं. रॉडनीनं त्याच्याकडे पाहिलं. मग दारात हसत उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं.

"छान झालाय गं. अगदी नव्यासारखा."

आणि कार्यक्रमाला तो गसचा ॲम्प्लिफायर घेऊन गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण सुई-दोरा उचलण्याआधी मालकाला एकदा विचारा, हे फाटलंय की फाडलंय? ब्लेड अजून फळीवरच आहे. रॉडनी पुन्हा येईल तेव्हा वेंडीबाई दारात नसाव्यात, एवढंच माझं मागणं आहे.